बटणाची काच

बेळगावात खोली शोधत होते तेव्हाची गोष्ट. मी निपाणीची. नवीन नोकरी, कॉलेजात इतिहास शिकवायचा. शहरात तीन-चार घरं बघितली. प्रत्येक ठिकाणी आधी चहा मिळायचा, मग गाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव सांगितलं की घरातला कुणीतरी आत जाऊन यायचा आणि खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची. शेवटी एका सहकाऱ्यानं पिरनवाडीचा पत्ता दिला आणि म्हणाला, "बाई जरा वेगळी आहे. जमतंय का बघा."

मी गेले तेव्हा ती बाई पिकअपच्या चाकाला लाथ मारून हवा बघत होती. लुगडं, त्यावर पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वय साठीच्या जवळ. माझ्याकडे वळून तिनं एकच प्रश्न विचारला.

"गाडी मागं घेताना पाठीमागं उभं ऱ्हाऊन सांगता येतंय का?"

मला प्रश्नच कळला नाही.

"रिव्हर्स गं. 'येऊ दे, येऊ दे, बस' असं. मोठ्यानं."

"येईल की," मी म्हणाले.

"मग म्हण बघू."

मी भर रस्त्यात उभी राहून "येऊ दे, येऊ दे, बस" असं ओरडले. समोरच्या घरातली दोन माणसं बाहेर आली. त्या बाईंनी, म्हणजे आक्कांनी, मान हलवली आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. आडनाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, पुढंही कधी नाही. एकदा पोस्टमननं फाटकात उभं राहून माझं पूर्ण नाव खणखणीत आवाजात घेतलं, तेव्हा त्यांना कळलंच असणार. "हितंच ऱ्हातात त्या," एवढंच त्या म्हणाल्या आणि भाजीची बुट्टी उतरवायला लागल्या.

रिव्हर्सचं कारण मला नंतर समजलं. कंपाउंडच्या भिंतीचा एक कोपरा कायमचा ढासळलेला होता. नवरा गेल्यावर त्याचा टेम्पो दारात उभा राहिला. भावकीतल्या लोकांनी गिऱ्हाईक आणलं, तेव्हा आक्कांनी सांगितलं की टेम्पो मीच चालवणार. शिकवणारं कुणी नव्हतं. नवऱ्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं पाय कुठं पडतो, हात कुठं जातो हे बघितलं होतं, तेवढंच शिक्षण. पुढं जाणं पहिल्याच दिवशी जमलं. मागं येताना भिंत गेली. ती भिंत त्यांनी कधी बांधून घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "शाळेत पाटी असती न्हवं, तशी ती माझी पाटी हाय."

पुढं टेम्पो गेला आणि जुनी पिकअप आली. पहाटे गावागावातून रताळी, कोबी, मिरची भरायची आणि बेळगावच्या मार्केटात नेऊन घालायची, हा त्यांचा धंदा. शेतकरी त्यांच्या गाडीची वाट बघायचे, कारण आक्का वेळेवर यायच्या आणि पोत्यावर पोतं टाकून माल चेंगरू द्यायच्या नाहीत. कोबीचे गड्डे त्या पाळण्यात मूल ठेवावं तसे ठेवायच्या आणि हमालानं एखादा फेकला की त्याच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. पोलिसांशी कन्नड, शेतकऱ्यांशी आणि घरात मराठी, आणि राग आला की हिंदी. हिंदी त्यांना फारशी येत नव्हती, पण राग व्यक्त करायला तीच भाषा बरी पडते असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळं स्वयंपाकघरातून "तुम हमको क्या समझता है?" असं ऐकू आलं की मी ओळखायची, दूध उतू गेलं.

आणखी एक म्हणजे 'जमत नाही' हा शब्द त्यांच्या घरात चालायचा नाही. मी एकदा कुकरची शिट्टी बसवायला जमत नाही म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून कुकर काढून घेतला, शिट्टी बसवली, परत काढली आणि परत माझ्या हातात दिला. "आता बसीव." चूक झाली तरी त्या मान्य करायच्या नाहीत. रस्ता चुकला तर म्हणायच्या, "रस्ता बदललाय." भात करपला तर, "ह्या तांदळाला असंच आवडतंय." मला पहिल्या वर्षी याचा फार वैताग यायचा. दुसऱ्या वर्षी मीच कॉलेजात तसं बोलायला लागले.

आता त्या गाडी चालवत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी स्वतःच ठरवलं, स्वतःच गिऱ्हाईक बघितलं आणि गाडी देताना त्याच्याकडूनही "येऊ दे, येऊ दे" म्हणवून घेतलं. आता पिरनवाडीच्या मोकळ्या मैदानावर बायकांना गाडी शिकवतात. शेजारी बसून हिंदीतून ओरडतात. पण ते अलीकडचं. मला सांगायची आहे ती काचेची हकिगत, कारण त्या आठवड्यात आक्कांची गाडी जवळजवळ गेलीच होती.

त्या पिकअपला बटणाच्या काचा होत्या. बटण दाबलं की काच वर, दाबलं की खाली. आक्कांना सुरुवातीला ते पटलं नव्हतं. "हाताला काय झालंय? फिरवायची की मूठ." पण सवय झाली. उजवा कोपर बाहेर टाकून गाडी चालवायची आणि पाऊस आला की बटणावर बोट ठेवायचं, असं चालायचं. श्रावणात एका सकाळी मार्केटच्या दारात त्यांनी बटण दाबलं आणि दारात खाडकन आवाज झाला. काच आत पडली ती पडलीच.

बेळगावचा श्रावण म्हणजे दिवसभर झड. आक्कांनी खिडकीला खताची पिशवी चिकटपट्टीनं लावली. पिशवी वाऱ्यानं फडफडायची, त्यातून उजवीकडचा आरसा दिसायचा नाही, आणि पाणी येऊन उजवा खांदा भिजायचा. त्या तशाच आठवडाभर फिरल्या. मधे एकदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आल्या. मी बरोबर होते. काउंटरवरच्या मुलानं दार न उघडताच सांगितलं, "पूर्ती सेट बरतैत्री, अम्मा." म्हणजे मोटार, तारा, पट्ट्या, सगळा संच नवा घालावा लागेल, आणि तो मागवावा लागेल. किंमत ऐकून आक्का क्षणभर कन्नड विसरल्या.

"काच फुटली न्हाय, मोटार मेली न्हाय, मग नवीन कशाला?" त्यांनी मराठीत विचारलं.

"कंपनीतून तसंच येतंय, अम्मा. सुटं मिळत न्हाय."

पुढचं संभाषण हिंदीत झालं. ते मी सांगत नाही.

आठवड्याच्या शेवटी त्यांना ताप भरला. साधा नाही, हुडहुडी भरून. मी त्यांच्या मुलाला फोन केला. मुलगा पुण्याला कंपनीत, एकुलता एक. दुसऱ्याच दिवशी तो आला. माणूस चांगला. आल्या आल्या त्यानं डॉक्टर बोलावला, स्वतः पेज केली, आईच्या पायाला तेल चोळलं. आणि ताप उतरल्यावर, तिच्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणाला, "आई, आता बास. काच गेली, उद्या इंजिन जाईल. परवा तुलाच काहीतरी होईल. मी तिथं पुण्यात फोन वाजला की दचकतोय गं. एक माणूस बघितलाय, खानापूरचा. रविवारी गाडी बघायला येतोय."

आक्का पडल्या पडल्या छताकडं बघत होत्या. मला वाटलं आता हिंदी सुरू होणार. पण त्या मराठीतच बोलल्या, आणि तेही शांतपणे.

"बाळा, नुसत्या काचंसाठी गाडी विकायची?"

"काचेसाठी नाही. तुझ्यासाठी."

"बरं. रविवारपतोर काच वर गेली तर गाडी ऱ्हाईल. न्हाय गेली तर तू म्हणशील तसं. तो विषय मग मी काढणार न्हाय."

मुलगा माझ्याकडं बघून हसला. त्याला वाटलं, आईनं मानानं माघार घेतली. मलाही तसंच वाटलं. कारण आक्कांनी आयुष्यात गाडीचं दार कधी उघडून बघितलं नव्हतं, म्हणजे आतून.

तो दोन दिवसांसाठी मित्राकडं निपाणीला गेला. शुक्रवारी दुपारी मी कॉलेजातून आले तर आक्का शर्ट चढवून, डोक्याला मफलर गुंडाळून गाडीत बसल्या होत्या. बटण दाबत होत्या आणि कान दाराला लावत होत्या.

"ये. ऐक."

मी कान लावला. आतून घूं घूं आवाज येत होता.

"मोटार गुरगुरतीया. म्हंजे जित्ती हाय. बटणबी चांगलं हाय, फ्यूजबी चांगला हाय. काच फुटलेली न्हाय. मग मधलं कायतरी एक तुटलंय. एवढंच. एका वस्तूसाठी सगळा संसार कोण बदलतंय का?"

दार उघडणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. हँडलच्या वाटीत एक स्क्रू, हात टेकायच्या जागेखाली टोपणामागं दोन. ते काढले आणि आतलं आवरण कडेनं उचकटायला घेतलं. लोखंडी पान्यानं ओरखडे पडतील म्हणून आक्कांनी स्वयंपाकघरातलं लाकडी उलथणं आणलं. एकेक खुंटी टक्क टक्क करत सुटली. बटणाची वायर काढली. मागं चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद हळूच सोलला. आणि आत बघितलं, तर काच दाराच्या तळाला आडवी पडलेली, अख्खी. वर एक लोखंडी पट्टी, तिच्यावरून फिरणारी बारीक तार, आणि काच जिनं धरायची ती प्लॅस्टिकची पकड मधोमध चिरलेली. काडेपेटीएवढी वस्तू.

आक्कांनी ते दोन तुकडे तळहातावर घेतले. "हेच्यासाठी," त्या म्हणाल्या. "हेच्यासाठी मी तापानं फणफणली!"

शनिवारी सकाळी आम्ही भंगार बाजारात गेलो. ज्या चाचांकडं अपघातातल्या गाड्यांचे सुटे भाग असायचे, ते हिंदी बोलणारे. आक्कांची पंचाईत झाली. हिंदी म्हणजे भांडणाची भाषा, आणि आता त्याच भाषेत गोडीनं मागायचं होतं. "तुमारे पास पिकअप का दरवाजा है क्या नहीं है?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा चाचा दोन पावलं मागं सरकले. पण माणूस समजूतदार होता. मोटार आमची आम्ही ठेवणार, फक्त पट्टी आणि तार द्या, एवढं मी सांगितलं आणि त्यांनी ढिगाऱ्यातून एक दार ओढून काढलं. त्यातला सांगाडा खोलून दिला. सर्व्हिस सेंटरच्या भावापुढं तो जवळजवळ फुकटच. आक्का येताना खिडकीतून सगळ्या ओळखीच्यांना हात करत होत्या.

घरी येऊन आम्ही तो दारात धरला. पट्टीचा बाक उलटा होता. चाचांनी दिलेला सांगाडा डाव्या दाराचा होता. आमचं दार उजवं.

आक्कांनी तो फिरवून बघितला, उलटा करून बघितला. "गाडीवाल्यांनी दार चुकीच्या अंगाला लावलंय," असं त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. मी चाचांना फोन लावला. ते दुकान बंद करून लग्नाला गेले होते, सोमवारी येणार होते. आक्का पायरीवर बसल्या. त्यांनी मफलर सोडून मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांना काही न करता बसलेलं पाहिलं नव्हतं.

"टेम्पो माझ्या हातात आला तवा लोकं हसलीती," त्या म्हणाल्या. "मला काय वाटलं न्हाय. पण हे पोरगं हसत न्हाय गं. ते भितंय. भिणाऱ्या माणसाला काय सांगायचं?"

हाताला काहीतरी चाळा म्हणून मी जुनी चिरलेली पकड आणि नव्या सांगाड्यावरची पकड शेजारी शेजारी धरली. उलटसुलट करून बघितली. भोकं त्याच जागी. खाच तीच. पट्टी डावी-उजवी होती, पण ती काडेपेटीएवढी वस्तू दोन्हीकडं एकच होती.

"आक्का, पट्टी आपलीच ठेवू या. फक्त एवढी वस्तू काढून आपल्या पट्टीवर बसवली तर?"

त्या उठल्या. मफलर परत डोक्याला गेला.

खरं काम त्यानंतर होतं. पकड पट्टीवर सरकवायची आणि तारेची दोन्ही टोकं तिच्या खाचेत अडकवायची. तार चिवट, स्प्रिंगनं ताणलेली. एक टोक बसवलं की दुसरं सुटायचं आणि पट्टीच्या टोकाच्या छोट्या चाकावरून घसरायचं. आक्कांची बोटं जाड, स्टिअरिंगनं घट्टे पडलेली. त्यांच्यानं ते होईना आणि 'होईना' म्हणायची तर त्यांना सोय नव्हती. मी पुढं झाले. तार अंगठ्याखाली दाबली, करंगळीनं चाकावर धरली, नखानं टोक आत ढकललं. बसलं. दुसरंही बसलं.

आक्का माझ्या हातांकडं बघत राहिल्या. "कुठं शिकलीस गं?"

मी कॉलेजात कुणाला हे सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. "विड्या वळायला," मी म्हणाले. "आई वळायची. शाळेतून आले की मी बसायची तिच्याजवळ. पानाची घडी मोडली की सगळी विडी वाया. आणि दोरा एका बोटानं गुंडाळायचा."

"आईला किती येळ लागायचा एका विडीला?"

"बघेपर्यंत व्हायची. मला तिच्याएवढं कधी आलं नाही."

"मग तुझ्या आईला आणायला पायजे होतं," आक्का म्हणाल्या. "शुक्रवारीच काम झालं असतं." आणि त्या आत जाऊन आम्हा दोघींसाठी एकाच ताटात भात-आमटी घेऊन आल्या, कारण हात काळे झाले होते आणि दोन ताटं कोण घासणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

रविवारी सकाळी काच उचलून तिला चिकटपट्टीनं चौकटीला वर टांगलं, पकडीत बसवलं, स्क्रू आवळले. आवरण अजून लावायचं होतं तेवढ्यात फाटक वाजलं. मुलगा आणि खानापूरचे ते गृहस्थ, सांगितल्यापेक्षा लवकर. गृहस्थ जाडजूड, खिशाला दोन पेनं. उघड्या दाराकडं बघून ते हसले. "आक्का, ऱ्हाऊ दे. आम्ही करून घेतो की."

आक्कांनी नमस्कार केला, गाडीत बसल्या आणि बटण दाबलं.

काच थरथरत वर निघाली. निम्म्यावर आली, तिरकी झाली आणि थांबली. आक्कांनी बोट काढलं. परत दाबलं. मोटार कण्हली, काच हलली नाही. मुलगा खाली बघायला लागला. त्याला जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही. गृहस्थ म्हणाले, "असंच असतंय ते. बटणाचं काय खरं न्हाय."

आक्कांनी काचेच्या कडेच्या रबराच्या खाचेत बोट घातलं. बोट चिखलानं माखून आलं. आठवडाभर पिशवीतून गळलेलं पाणी, मार्केटची धूळ, सगळं तिथं बसलेलं.

"पावडर हाय न्हवं तुझी?" त्यांनी मला विचारलं.

"तोंडाला लावायची?"

"मग काय बंदुकीची? आण."

मी धावत जाऊन डबा आणला. आक्कांनी काच खाली घेतली, कंगव्याच्या दांडीला ओलं फडकं गुंडाळून खाच वरपासून खालपर्यंत पुसली, मग कोरड्या फडक्यानं. घाई अजिबात नाही. दोन पुरुष उभे आहेत, एकाच्या खिशात इसार आहे, याची त्यांना जणू खबरच नव्हती. मग पावडर बोटावर घेऊन त्यांनी रबराला चोळली. गाडीला माझ्या पावडरीचा वास सुटला. पुन्हा सीटवर बसून त्यांनी पदर सारखा केला आणि बटण दाबलं.

काच वर गेली. मधे कुठं न थांबता, सरळ, चौकटीत जाऊन टक्क वाजली. काचेआड आक्का बसलेल्या दिसल्या. त्यांनी ती खाली घेतली, परत वर, परत खाली.

गृहस्थांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "गाडी ठेवलीया मात्र चांगली," ते मुलाला म्हणाले. "मघाशी बोललो त्याच्यावर थोडं चढवून देतो. काय म्हणता?"

मुलानं आईकडं बघितलं. आक्का त्याच्याकडं बघत नव्हत्या, आवरणाच्या खुंट्या तपासत होत्या. काच वर गेली तर गाडी राहील असं ठरलं होतं, आणि ते पाळायची पाळी आता त्याची होती.

"काका," तो म्हणाला, "चहा घेऊन जावा. गाडी विकायची न्हाय."

गृहस्थ चहा पिऊन गेले. मुलगा त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेला. मग येऊन गाडीत आईच्या जागेवर बसला आणि त्यानं स्वतः बटण दाबून काच वर केली, खाली केली. सरकून पलीकडं गेला. डावीकडचं बटण दाबलं. ती काच वर गेली, पण किरकिरत, ओढत नेल्यासारखी.

"आई, ही बी आवाज करतीया."

"करतीया. लई दिवस झालं."

"मग... उघडायची काय?"

आक्कांनी पोतं झटकून डाव्या दाराशी अंथरलं. "शर्ट काढ आधी. कंपनीचा हाय."

त्यानं शर्ट काढून माझ्या हातात दिला. दुपारची पुण्याची बस चुकणार हे त्याला माहीत होतं. तो पोत्यावर मांडी घालून बसला आणि आईनं दाखवला तो पहिला स्क्रू शोधायला लागला.